कमरेला पट्टा : बांधा आपला, निवडही आपली

लग्नसराईत अमरावती-अकोल्यात पैठणीवर कमरपट्टा दिसतोच. आता सुती साडीवर आणि कुर्त्यावरही कापडी बेल्ट आला आहे.

• जागा : बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या जरा वर, जिथे कंबर सर्वांत बारीक असते.

• उंची कमी असेल तर : कपड्याच्याच रंगाचा, २-३ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घ्या. उठून दिसणारा रंग अंगाचे दोन भाग पाडतो.

• पोट सुटलेलं असेल तर : पट्टा किंचित सैल, त्यावर पदर मोकळा.

• माप : साडी नेसूनच घ्या, निऱ्यांमुळे घेर वाढतो.

• उन्हाळा : मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रेक्झिनच्या पट्ट्याखाली घाम साचतो. सुती पट्टाच बरा.

पट्ट्याने रुबाब वाढावा, श्वास कोंडू नये. आरशात स्वतःला आवडेल तोच बांधा.