आमान्सियो डिसिल्वा : एका गिटारीत दोन संगीतं

आमान्सियो डिसिल्वा (1936–1996) यांचा जन्म मुंबईतल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातला. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि सिनेमाचे ऑर्केस्ट्रा गोव्याच्या वादकांवरच चालत, कारण चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. डिसिल्वाही हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांची गिटार ऐकली आणि त्यांना एक गिब्सन बनावटीची गिटार घेऊन दिली.

1967 मध्ये ते सहकुटुंब लंडनला गेले. तिथे भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणण्याची खटपट आधीच सुरू होती. कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या ताफ्यात पाच वादक सतार-तबल्याच्या बाजूचे, तर पाच जॅझचे असत. तबल्यावर होते मुंबईहून गेलेले केशव साठे. प्रयोग धाडसी होता, पण दोन पंगती शेजारी-शेजारी बसल्यासारखा.

डिसिल्वांची वाट निराळी. 1969 मधल्या ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या तबकड्यांत सतार नाही, तबलाही नाही. जे भारतीय आहे ते गिटारीतच. गिटारीच्या दांडीवरचे पडदे पक्के असतात. दोन पडद्यांमधला सूर हवा असेल तर तार बोटाने आडवी खेचावी लागते. सतारिया मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढतो ती अशीच. जॅझमध्ये खालचे स्वरमेळ (कॉर्ड) सहसा बदलत राहतात, रागात मात्र षड्ज हलत नाही. धून रागासारखी उलगडायची, तर स्वरमेळांनी थोडं थांबायला हवं. या तबकड्यांत हा तोल ऐकू येतो, आणि डिसिल्वांचं खरं मोठेपण त्यातच आहे. ‘हम दोनो’तले दोघे म्हणजे ते आणि हॅरियट. त्यातल्या ‘बॅलड फॉर गोवा’च्या नावातच गोवा आहे, तर गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा गळा या तबकडीत शब्दांवाचून, वाद्यासारखा येतो.

1972 च्या ‘कोकण डान्स’मध्ये मात्र सतार आली आणि साठ्यांचा तबलाही. ते ध्वनिमुद्रण तेव्हा बाजारात आलंच नाही. पुढे डिसिल्वा लंडनमध्ये गिटार शिकवत राहिले. ‘कोकण डान्स’ लोकांपुढे आलं 2006 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. ‘हम दोनो’ची तबकडी 2015 मध्ये पुन्हा निघाली.