भाकरीच्या मुलखातला गव्हाचा कण

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. कुकडीच्या कालव्याचं पाणी निघोजच्या बाजूला पोचलं, पण कान्हूर पठारासारख्या भागात शेताने आजही आभाळाकडेच पाहायचं. अशा जमिनीत जे पिकलं तेच ताटात आलं : बाजरी आणि ज्वारी. १८८४ साली निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही सामान्य माणसाच्या अन्नात मान याच दोन धान्यांचा आहे. गव्हाची पोळी सणाची, पाहुण्यांची. माझ्या लहानपणी ‘आज पोळ्या आहेत’ हे वाक्य बातमीसारखं सांगितलं जाई.

सिलिअ‍ॅक या आजारात जन्मभर गहू वर्ज्य करावा लागतो. तेव्हा भाकरीच्या मुलखात या आजाराचं ओझं हलकं असायला हवं, असं कोणालाही वाटेल. ते अर्धंच खरं आहे. गव्हावाचून जगणं इथे अवघड नाही. गव्हाच्या कणावाचून जगणं फार अवघड आहे. शिवाय ज्या भाकरीने माणसाला सांभाळलं तिनेच त्याचा आजार झाकूनही ठेवला असावा. या दोन गोष्टी उलगडण्याचा हा प्रयत्न.

पोळी लाटतात, भाकरी थापतात

गव्हाची कणीक मळून पाण्यात धूत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हे ग्लुटेन. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचं ते जाळं. पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो तो या जाळ्यामुळे. ज्वारी-बाजरीत ते नाही. म्हणून भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागतं, पिठातला स्टार्च चिकट करून घ्यावा लागतो, आणि तरीही ती लाटण्यापेक्षा थापलेली बरी. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी काठाला चिरते. सुगरणीला छळणारी ही उणीव सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला मात्र वरदान आहे.

गहू, जव आणि राय या तीन धान्यांतली ही प्रथिनं काही माणसांच्या आतड्यात पूर्ण पचत नाहीत. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं पोटातून जातं, पण लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं रक्तात पोचत नाहीत. आपल्याकडे किरकोळ मुलाबद्दल ‘खातं, पण अंगी लागत नाही’ असं म्हणतात. या आजाराचं इतकं नेमकं वर्णन वैद्यकाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

लक्षणं प्रत्येकात सारखी नसतात. कोणाला जुलाब आणि पोटफुगी, कोणाची उंची खुंटते, तर कोणाला लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही न हटणारा रक्तक्षय. उपचार झाला नाही तर हाडं ठिसूळ होतात, काही स्त्रियांना गर्भपात होतात, क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो. वारंवार गर्भ न टिकणाऱ्या बाईच्या वाट्याला आपल्या समाजात काय येतं हे वेगळं सांगायला नको. तिच्या आतड्याची तपासणी करावी, हे मात्र सहसा कोणाला सुचत नाही.

टंचाईने दाखवलेलं कारण

आजार जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा ग्रीक वैद्य अरेटियस याने त्याची लक्षणं लिहून ठेवली. पोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आजचं नाव आलं. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी त्याचं आधुनिक वर्णन केलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, असं मत दिलं. कोणता आहार, हे त्यांना सापडलं नाही. १९२४मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना गेलं. पाव बंद झाला होता याकडे लक्ष गेलं नाही.

खरं कारण हाती लागलं ते हॉलंडमध्ये. विलेम डिके हे हेगमधले बालरोगतज्ज्ञ. गव्हाबद्दलचा संशय त्यांना १९३०च्या दशकातच आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या काळात सिलिअ‍ॅकच्या मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा बिघडली. पुढे पद्धतशीर प्रयोग करून डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला.

आता आपल्याकडे वळू. भारतातल्या तीन विभागांत प्रौढांची तपासणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. या आजाराला लागणारी जनुकीय ठेवण मात्र तिन्हीकडे साधारण सारखी, म्हणजे तिघांत एकाच्या आसपास. रोजचा गहू उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. उत्तर आणि दक्षिण शेजारी ठेवली की गव्हाचा हात दिसतो. ईशान्येचा आकडा सांगतो की गहू हे एकमेव कारण नव्हे. महाराष्ट्र या अभ्यासात नव्हता. पण जनुकाचं बी सगळीकडे पेरलेलं आहे एवढा निष्कर्ष आपल्यापुरता पुरे.

त्यावरून माझा तर्क असा. हॉलंडच्या एका हिवाळ्याने जे उघड केलं, ते आपल्या कोरडवाहू शेतीने पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवलं. पोळी सणापुरती होती तोवर कित्येकांचा आजार दबून राहिला असेल. मग गहू रोजचा झाला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो ठरवलं. जानेवारी २०२३पासून ते धान्य मोफत झालं. कागदावर भरडधान्य सर्वांत स्वस्त असलं तरी पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच आले. ज्वारी विकत घ्यायची आणि गहू फुकट, तर गरिबाच्या तव्यावर काय पडणार? त्यात चहाबरोबरचं बिस्कीट, टोस्ट, खारी, एसटी स्टँडवरचा वडापाव. आज आमच्या वस्त्यांवरच्या तान्ह्या पोराच्या तोंडी पहिला गहू जातो तो बहुधा चहात बुडवलेल्या बिस्किटातून.

इथे एक सावधगिरी. संशय आला की लोक आधी गहू सोडतात आणि मग तपासणीला जातात. हे उलटं आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरं बोलतात. मुळातच भाकरीवर राहणाऱ्या माणसाची तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून आठवड्यात गहू किती पोटात जातो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं.

अ‍ॅलर्जी वेगळी

अन्नाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक यांची गल्लत सर्रास होते. शेंगदाणा, दूध, अंडं, मासे यांच्या अ‍ॅलर्जीत शरीर बहुधा काही मिनिटांत उसळतं : अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, आणि गंभीर असेल तर श्वास कोंडणं, रक्तदाब कोसळणं. त्या वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि घरगुती उपायांत घालवलेला वेळ जीव घेतो. सिलिअ‍ॅक सावकाश झिजवतं. आज खाल्लेल्या लाडवाचा त्रास आज दिसेलच असं नाही, आतडं मात्र सोलवटतंच. गव्हाची अ‍ॅलर्जी हा आणखी तिसरा प्रकार. आणि अंकुर झिजलेले असताना दूध सोसत नाही ते बहुतेकदा तात्पुरतं. अंकुर वाढले की दूधही परत पचतं.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला आपल्याकडे जगणं किती कठीण! आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, तेलही शेंगदाण्याचं. उपवासाचा दिवस म्हणजे त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तोच दिवस सुखाचा : साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं. एकादशीला तो घरच्यांबरोबर एकाच पातेल्यातलं जेवू शकतो.

पाव ग्रॅमचा हिशोब

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ गेलं की मर्यादा संपली. दुसऱ्या बाजूने पाहू. रुग्णाने दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सामान्यतः मानतात. एका पोळीला तीस ग्रॅम पीठ धरलं तर तिचे सुमारे अडीचशे तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे दिवसाचा कोटा.

आता गिरणीत चला. आपल्या बायका दळणाबाबत पूर्वीपासून काटेकोर आहेत. ‘ज्वारीवर ज्वारी दळा, गव्हावर टाकू नका’, असं बजावून डबा ठेवतात. कारण चवीचं असतं, पण शास्त्र तेच. मात्र ज्वारीच्या पहिल्या दळणात पाटांच्या मधलं, कापडी नळीतलं, पत्र्याच्या कडेचं गव्हाचं पीठ उतरतंच, आणि ते पाव ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त असतं. ही केवळ खेड्यातली अडचण नव्हे. २०१० साली अमेरिकेत मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे, बियांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले, तेव्हा ७ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघालं.

घरातही कण लपतात. बाजारातला खडा किंवा पूड हिंग म्हणजे बहुधा हिंगात मिसळलेला मैदा. म्हणजे फोडणीच नासली. भाकरी तुटू नये म्हणून मिसळलेलं मूठभर गव्हाचं पीठ, पोळीचाच तवा, कणकेचा हात, शेवया तळलेलं तेल. कुरडई गव्हाच्या चिकाची, लापशी गव्हाची, सातूच्या पिठात गहू किंवा जव. खपली गव्हाबद्दल तर मोठा गैरसमज आहे. जुना, देशी, म्हणून तो चालेल असं सांगितलं जातं. खपली हाही गहूच, त्यात ग्लुटेन आहे. नव्या वाणांमुळे ग्लुटेन वाढलं या समजाला आधार शोधताना अमेरिकेतल्या कसार्डा यांना २०१३ साली विसाव्या शतकभराच्या नोंदींत तसा पुरावा सापडला नाही.

दिवाळीचं ताट समोर आहे, तर तेही तपासू. अनारसे तांदळाचे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली : हिंग आणि तेल सांभाळलं तर हे सगळं आपलं. शंकरपाळी, करंजी, रव्याचा लाडू वर्ज्य. म्हणजे अर्धं ताट उरतंच. क्रम फक्त बदलायचा : कढईत आधी चकली, शेवटी शंकरपाळी. नव्या तेलात पहिला घाणा कोणाचा, एवढ्यावर एका माणसाची दिवाळी अवलंबून असते.

सोबत कोणाची

गव्हाचा कण टाळता येतो. आग्रह टाळणं अवघड. ‘प्रसाद आहे, नाही म्हणू नये’, ‘एवढ्याशाने काय होतंय’. सप्ताहाच्या पंगतीत, लग्नात, डोहाळजेवणात हे ऐकून माणूस एक तर खातो, नाही तर जाणंच सोडतो. सर्वांत बिकट स्थिती सासरी गेलेल्या मुलीची. स्थळ मोडेल म्हणून आजार लपवलेला. सकाळी सगळ्यांच्या पोळ्या तिनेच लाटायच्या, उडालेलं पीठ नाकातोंडात जाणार, आणि शेवटी जेवायला बसल्यावर टोपल्यात पोळीच उरलेली असणार. तिला पथ्य सांगणारा कागद पुरत नाही. सासूने एक तवा, एक उलथनं, एक पोळपाट वेगळा काढला तर तिचं आतडं भरून येऊ शकतं. या आजाराला औषध नाही, पण पथ्य पाळलं तर झिजलेले अंकुर पुन्हा उगवतात, मुलांमध्ये तर लवकर.

ज्याला शक्य आहे त्याने घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणा घालू नये. ते परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. ज्या गिरणीत दोन चक्क्या आहेत तिथे एक कायम ज्वारी-बाजरीचीच ठेवावी, घाईच्या वेळीही मोडू नये. जगाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, सभा झाल्या, भाकरीचे फोटो निघाले. पारनेरसारख्या तालुक्यात त्या वर्षाचं काही टिकाऊ राहायचं असेल तर ते इथे राहावं : गावातल्या एका चक्कीवर खडूने लिहिलेलं, ‘फक्त ज्वारी-बाजरी’, आणि ते मानणारा गिरणीवाला.