पिनकोड ४४०००१ : एका संख्येची घडण

४४०००१ हा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जनरल पोस्ट ऑफिसचा पिनकोड. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तीत पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. अंक ठरले ते टपालाच्या सोयीने. पण संख्या म्हणून ४४०००१ चे गुणधर्म कोणाच्या सोयीवर अवलंबून नाहीत.

या संख्येच्या अंकांची बेरीज ९ येते, म्हणून तिला ९ ने नि:शेष भाग जातो, भागाकार ४८८८९. त्याचे वर्गमूळ २२१ हून किंचित मोठे आहे आणि २२१ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला भाग जात नाही. म्हणजे ४८८८९ स्वतःच मूळ संख्या. परिणामी ४४०००१ चे विभाजक सहाच : १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१.

४८८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते, हा फर्मा यांनी १७व्या शतकात सांगितलेला आणि पुढे ऑयलर यांनी सिद्ध केलेला नियम. येथे ती जोडी २०८ आणि ७५ ची. दोन्हींना ३ ने गुणले की ४४०००१ = ६२४² + २२५², म्हणजेच ३८९३७६ + ५०६२५.

अंकांशी निगडित गुणधर्मांचा ध्यास देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी घेतला. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ नाव दिले. ४४०००१ हर्षद आहे. जी संख्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती ‘स्वयंभू’. ४४०००१ स्वयंभू नाही : ४३९९६५ च्या अंकांची बेरीज ३६, आणि ४३९९६५ + ३६ = ४४०००१. तिचा हा एकमेव जनक.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध कृती वजाबाकीची. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि उत्तरावर तेच पुन्हा करायचे. चार अंकी संख्येचे सगळे अंक सारखे नसतील, तर ही वाट ६१७४ वर थांबते. सहा अंकांसाठी असे एकच स्थान नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ ही दोन स्थिर स्थाने आहेत आणि सात संख्यांचे एक चक्र आहे. ४४०००१ पासून ४४१००० − ०००१४४ = ४४०८५६, मग ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. नागपूरचा पिनकोड या चक्रात शिरतो आणि त्यातून कधीच बाहेर पडत नाही.