गाईच्या पोटातलं गाठोडं

गुरांच्या दवाखान्यात खोड्यात उभी असलेली ती गाय चार दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. रवंथ बंद, शेण जेमतेम, डावी कूस फुगलेली. डॉक्टरांनी कुशीत मूठ दाबली. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. निरोगी गाईचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा मोठा कप्पा, मिनिटाला एक-दोनदा आकसतं, ते हाताला कळतं. इथे काहीच हललं नाही. आत प्लॅस्टिक साचलं असणार, असा डॉक्टरांचा अंदाज झाला.

प्लॅस्टिक विरघळवणारं औषध नाही, पोट उघडावंच लागतं. तेही गाय उभी ठेवून. कुशीवरचे केस भादरले, बधिरतेची इंजेक्शनं रांगेनं टोचली, वीतभर छेद घेतला. मग कोटीपोटाची भिंत बाहेर ओढून कातडीच्या कडेला टाक्यांनी पक्की बसवली. डॉक्टरांनी या कामात जराही घाई केली नाही. आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडली तर गाय हातची जाते.

मग हात खांद्यापर्यंत आत गेला. निघाला तो पिशव्यांचा पीळ. दुधाच्या पिशव्या, नायलॉनची दोरी, चिंध्या एकमेकींत इतक्या आवळलेल्या, की दोघांनी धरून ओढावं लागलं. सडका, आंबूस भपकारा आला. एका पिशवीची गाठ तर अजून तशीच होती. असा ऐवज कधी वीस-तीस किलोही भरतो. शेवटी हात पुढच्या कप्प्यात, जाळीपोटात फिरवला. गिळलेली तार तिथे अडकते आणि टोचत पुढे सरकली तर थेट हृदयापर्यंत जाते.

गाय जिभेनं घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. अन्नाच्या वासानं पिशवीही आत जाते. पण दावणीला पोटभर खाणाऱ्या गाईही माती चाटतात, हाडं चघळतात. फॉस्फरसची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून टाके घातल्यावर डॉक्टरांनी खनिज मिश्रण लिहून दिलं. मला ती चिठ्ठी शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटते, कारण खोड राहिली तर पोट पुन्हा भरणारच.

महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी उकिरडे त्यांनीच भरलेले दिसतात. निदान शिळं अन्न पिशवीत गाठ मारून टाकू नका. आणि आपलं जनावर चिंध्या चघळताना दिसलं, तर पोट फुगायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.