पहिली टोपली घरासाठी



काकरापार आणि उकाईच्या कालव्यांचे पाणी आले आणि बारडोलीच्या शिवारात ऊस, केळी, पपई, भेंडी सारे काही पिकू लागले. पण दिव्याखाली अंधार असावा तसे आपल्या घरांत झाले आहे. पहाटे भेंडी तोडून टेम्पोत चढवणारा तरुण मुलगा दुपारी वडापाव आणि चहावर वेळ मारून नेतो. चांगला माल बाजारात जातो आणि घरी उरते ती जून, किडकी भेंडी. ती पाहून मुलाने नाक मुरडले, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. बटाटा, रताळे यांसारखे कंद त्यात धरत नाहीत. घरच्या मापाने सांगायचे तर एक वाटी पालेभाजी, एक वाटी फळभाजी, एक टोमॅटो किंवा काकडी आणि एक पेरू किंवा पपईची मोठी फोड. आपल्या शेतात यातले काय नाही?

तरुणपणी अंगात जोर असतो, म्हणून ही उणीव दिसत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ६५ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. लग्नाच्या वयाच्या आपल्या मुलीही त्याच वयोगटात येतात. पालेभाजीत लोह असते, परंतु ते शरीरात सहज शोषले जात नाही. जेवताना लिंबू पिळले किंवा जेवणासोबत पेरू, आवळा खाल्ला, तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा. पालेभाजीतील फोलेट बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला लागते. ही घडण गर्भाच्या पहिल्या महिन्यातच होते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून सवय लग्नाआधीपासून हवी. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नयेत. तसेच आपल्या भागात सिकलसेलचा आजार आढळतो. तेव्हा रक्त तपासल्यावाचून लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

काही तरुण म्हणतात, “फादर, आम्हीच फवारतो, मग आम्हीच कसे खावे?” हा प्रश्न खरा आहे, आणि तो बाजारातून भाजी विकत घेणाऱ्यालाही लागू आहे. औषधाच्या डब्यावर फवारणी व तोडणी यांत जितके दिवस सोडायला सांगितले असतील, तितके सोडावेत. घरासाठी मात्र विहिरीजवळ १० फूट लांब-रुंद वाफा वेगळा राखून त्यावर फवारणी करू नये. त्यात मेथी, पालक पेरावा. मेथी साधारण महिन्याभरात खुडायला येते. ऊसतोडीनंतरचे पाचट जाळण्याऐवजी ते टोमॅटो-वांग्याच्या बुंध्याशी पसरले, तर ओल टिकते. बांधावर शेवग्याची फांदी रोवावी, तिचा पालाही खाण्यास उत्तम. मोरीच्या पाण्यावर केळ, पपई लावावी. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये.

आयांनो, “भाजी खा” म्हणून रागावल्याने मुले खात नाहीत. भाजी फार शिजवून तिचा लगदा करू नका. शेतावर जाणाऱ्याच्या डब्यात एक पेरू, चार फोडी काकडी ठेवा. आणि वाफा त्या तरुणाच्याच ताब्यात द्या. स्वतः लावलेले माणूस आवडीने खातो.

दानिएल आणि त्याचे तीन सोबती तरुणच होते. बाबेलच्या राजाचे पक्वान्न नाकारून त्यांनी भाजी आणि पाणी मागितले, आणि परीक्षेसाठी फक्त दहा दिवसांची मुदत घेतली. दहा दिवसांनी त्यांचीच तोंडे अधिक टवटवीत दिसली.

येत्या रविवारपासून आपणही दहा दिवस पाहू या. आपले पूर्वज पहिले पीक देवापुढे ठेवीत आले. देवाने दिलेले हे शरीरही त्याचेच मंदिर आहे. तेव्हा तोडणीची पहिली टोपली घरात ठेवा. टेम्पो तिच्यानंतर भरा.

तुमचा धर्मगुरू