युद्धातलं जुनं पदक खरं की नकली? विकत घेण्याआधी असं तपासा

मी राहात्याचा. मोबाईलचं काही अडलं की ओळखीची पोरं मला फोटो पाठवतात. हल्ली त्यात जुन्या पदकांचे फोटोही यायला लागलेत. सोबत मेसेज असतो, 'पहिल्या महायुद्धातलं ओरिजिनल ब्रिटिश मेडल, घरातलं आहे, ८ हजार फायनल.' आणि खाली प्रश्न, 'दादा, घेऊ का?'

म्हणून आज आपण पाहूया की असं पदक कसं तपासायचं, त्यात मोबाईलचा उपयोग किती, आणि मोबाईल कुठे कमी पडतो.

आपल्या भागात हा विषय का?

कारण आपल्याकडून सैनिक खरंच गेले होते. आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या लढाईत त्यांनी जे शौर्य दाखवलं, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे 'आजोबांचं मेडल' ही गोष्ट इथे सहज पटते. नकली माल विकणाऱ्यालाही हेच हवं असतं.

मुंबईच्या चोर बाजारात फिरलात तर लंडनचं नाव कोरलेली पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी दिसतील. त्यातल्या बऱ्याच नव्या बनावटीच्या असतात. शोभेची वस्तू म्हणून विकली तर हरकत काहीच नाही. पदकांच्या नकलाही संग्राहकांसाठी, नाटक-सिनेमासाठी उघडपणे बनतात. गडबड होते ती 'नक्कल' हा शब्द गायब झाल्यावर. मग तीच वस्तू घासून, काळी करून, जुन्या फितीला लावून 'वॉर मेडल' बनते.

१) आधी कडेवरचं नाव बघा

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना सर्वांत जास्त दिलं गेलेलं पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. साधारण ३६ मिलिमीटर व्यासाचं, बहुतेक चांदीचं. त्याच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. विकणाऱ्याकडून पूर्ण कडेचा, जवळून घेतलेला व्हिडिओ मागवा. तो फक्त पुढची-मागची बाजू दाखवत असेल तर तिथेच थांबा.

कड कोरी असेल, तर नाव घासून काढलेलं असू शकतं. काही वेळा घासून त्या जागी दुसरं नावही कोरतात. अशा पदकाचा व्यास थोडा कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा. ३६ च्या जागी ३५ आलं तर संशय घ्या.

दुसऱ्या महायुद्धातले स्टार, उदाहरणार्थ बर्मा स्टार, ब्रिटिश सैनिकांना नावाशिवायच दिले गेले. त्यामुळे त्यांची नक्कल करणं सोपं जातं. तिथे जास्त सावध राहा.

२) पलटणीचं नाव त्या काळाशी जुळतं का?

१९२२ मध्ये भारतीय लष्कराची पुनर्रचना झाली आणि मराठा पलटणी एकत्र येऊन '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' बनली. त्याआधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे वेगवेगळे क्रमांक होते. म्हणजे १९१४-१८ च्या पदकावर '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' दिसली तर आधी खुलासा मागा. पैशाचं नंतर बघू.

३) मोबाईलचा चुंबक सेन्सर

बहुतेक फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो. तो वाचणारं एखादं मोफत ॲप घ्या. आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला रीडिंग येतं. घरात लोखंड जवळ असेल तर ते बदलतं, म्हणून मोकळ्या जागी बघा. फीत आणि पिन काढून पदक फोनच्या वरच्या टोकाजवळ फिरवा. चांदी, कांसं, पितळ यांना चुंबक धरत नाही. आकडा स्पष्ट हलला तर आत लोखंड आहे.

पण उलटं खरं नाही बरं का! आकडा हलला नाही म्हणजे पदक खरं, असं होत नाही. पितळी नक्कलही ही चाचणी आरामात पास होते.

४) पाण्याची चाचणी

यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो.

- फीत काढून पदकाचं वजन करा. समजा ३१ ग्रॅम आलं.
- काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा.
- पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला लागू देऊ नका.
- आता काट्यावर येणाऱ्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा.

आकडा ३ आला तर उत्तर १०.३, म्हणजे स्टर्लिंग चांदीच्या जवळ. पितळाचं उत्तर साधारण ८.५ येतं.

इथे एक गंमत आहे. भारतीय, चिनी आणि माल्टाच्या मजूर तुकड्यांना हेच पदक कांस्यातही दिलं गेलं, साधारण १ लाख १० हजार. म्हणजे चांदी नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका. मात्र मग कडेवर तशा मजूर तुकडीचंच नाव हवं. धातू, नाव आणि तुकडी, तिन्ही एकमेकांशी जुळायला पाहिजेत.

५) मॅक्रो फोटो आणि यूव्ही टॉर्च

खरं पदक साच्यात दाबून ठोकलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात. खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरं बोथट आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल थोडी लहानही असते. फोनचा मॅक्रो मोड लावा आणि उजेड बाजूने पाडा, फरक लगेच कळतो.

फितीवर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. आताच्या धाग्यांत आणि साबणात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर उजळतात. पण जुनी फीत कुणी आजच्या साबणाने धुतली असेल तर तीही उजळेल. शिवाय फीत बदललेली असू शकते. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

ऑनलाइन शोध कसा घ्यायचा?

विकणाऱ्याचा फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. सैनिकाचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर मोफत शोधता येतं. मराठी नावांची स्पेलिंग तेव्हा कशीही लिहिली जायची, म्हणून बदलून बदलून बघा. तिथे फक्त मरण पावलेल्यांची नोंद असते. जिवंत परतलेला सैनिक सापडणार नाही. शौर्यपदकांच्या घोषणा लंडन गॅझेटच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात.

एआय चॅटबॉटला फोटो दाखवून 'खरं आहे का?' विचारू नका. तो वजन करू शकत नाही, कड चाचपू शकत नाही. उत्तर मात्र ठामपणे देईल.

कायदा लक्षात ठेवा

पुरावशेष कायदा १९७२ नुसार १०० वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते. पहिल्या महायुद्धातली पदकं आता त्या वयात आलीत. खासगी माणसाला पुरावशेष परदेशी पाठवता येत नाही. म्हणून 'परदेशातलं गिऱ्हाईक आहे, कुरियर कर' असं कुणी म्हटलं तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. आणि 'आधी कमिशन भरा, मग लाखो मिळतील' म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने अशी फसवणूक चालते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

घरात खरं पदक असेल तर

ब्रासोने चकाकवू नका. घासून घासून कडेवरचं नाव पुसट होतं. कडेचे फोटो काढा आणि ते कुणाचं, कुठल्या पलटणीतलं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. बाजारात चांदीला चांदीचा भाव मिळेल, पण नाव गेलं तर तो सैनिक कोण होता हे सांगणारा दुसरा पुरावा बऱ्याच घरांत नसतो.