‘थोडे’, ‘बरेच’, ‘फार’ : अनुभवाच्या शब्दांचे गणित

‘पोलादपूरकडे पाऊस फार आहे, भरतीही मोठी आहे, पाणी बरेच चढेल.’ सावित्रीकाठची जाणती माणसे अशीच बोलतात. २२ जुलै २०२१ चा महापूर पाहिलेल्या महाडकरांना या शब्दांचे वजन सांगायला नको. पाऊस दुप्पट झाला म्हणजे पूर नेमका दुप्पट होतो, असे नाही; ओहोटीला निघून जाणारे पाणी भरतीला तुंबते. अशा व्यवस्थेला गणितात ‘अरेषीय’ म्हणतात. तिचे अचूक समीकरण मांडणे कठीण असते.

मग अनुभवाचे शब्दच गणितात का आणू नयेत? बर्कले येथील प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ती वाट दाखविली. तिलाच ‘फझी लॉजिक’ म्हणतात. यात विधान केवळ खरे वा खोटे नसते. ते शून्य ते एक यांमधील कोणत्याही प्रमाणात खरे असू शकते.

एक काल्पनिक धरण घेऊ. जलाशय ‘जवळजवळ भरला’ हे ०.८ प्रमाणात खरे आहे; येवा ‘मोठा’ हे ०.६, तर ‘मध्यम’ हे ०.४ प्रमाणात खरे आहे. नियम दोन : जलाशय जवळजवळ भरला आणि येवा मोठा, तर दार चार फूट उघडावे, येवा मध्यम, तर दोन फूट. प्रत्येक नियमाचे बळ त्यातील लहान आकड्याइतके, म्हणजे ०.६ आणि ०.४. त्या प्रमाणात सरासरी काढली की उत्तर येते ३.२ फूट. येवा वाढत जाईल तसे दारही हळूहळू अधिक उघडते. एकदम झटका बसत नाही.

लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी १९७०च्या दशकात याच रीतीने एक छोटे वाफेचे इंजिन चालवून दाखविले. १९८७ मध्ये जपानमधील सेंदाईची भुयारी रेल्वे या तत्त्वावर धावू लागली. आपल्याकडे जायकवाडीच्या विसर्गाचे धोरण ठरविण्यासाठीही संशोधकांनी फझी गणित वापरून पाहिले आहे.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ‘फार’ म्हणजे किती, हे यंत्र ठरवीत नाही; माणूस ठरवितो. धरणावरच्या अधिकाऱ्याला जे ‘थोडे’ वाटते, ते नदीकाठच्या झोपडीला ‘फार’ असू शकते. म्हणून आपल्या शाळेतून अभियंते झालेल्या मुलामुलींना एवढेच सांगणे : नियम लिहिताना त्या झोपडीतल्या माणसालाही विचारा.